सवाल तुमचे: बेसमेंटमध्ये पेलेट स्टोव्ह घ्यावा का?

प्रश्न: नमस्कार भाऊ. मी पाचोऱ्याची. मुलगा-सून मिनेसोटाला असतात, यंदा डिसेंबरात आम्ही दोघं तिकडे चाललोय. आमची सोय बेसमेंटमध्ये आहे, ८०० स्क्वेअर फूट, जिप्समच्या भिंती, कार्पेट, सगळं एकदम चकाचक, पण वरचं हीटिंग खाली पुरत नाही म्हणे. मुलगा म्हणतो पेलेट स्टोव्ह बसवतो. तिथला दुकानदार ६० हजार बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं तिकडचं माप) घ्या म्हणतोय, म्हणजे वरचं घर पण त्यातच गरम होईल. आमच्या ह्यांना दमा आहे, धुराची भीती वाटते. काय करावं?

उत्तर: ताई, आधी धुराचंच बोलू, कारण तुमची खरी काळजी ती दिसतेय. हा आपल्या चुलीसारखा उघडा जाळ नसतो. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या म्हणजे पेलेट, त्या वरच्या हॉपरमध्ये, म्हणजे साठवणीच्या पेटीत ओतायच्या, मोटारीवर फिरणारा स्क्रू त्या थोड्या थोड्या जळायच्या वाटीत ढकलतो, एक पंखा धूर पाइपातून बाहेर काढतो आणि दुसरा गरम हवा खोलीत सोडतो. दार आणि त्याचं गॅस्केट (कडेची फट बंद करणारी पट्टी) नीट असेल तर धूर खोलीत यायचं कारण नाही.

मेख अशी की हे सगळं लाईटवर चालतं. आणि बर्फाच्या वादळात तिकडेही लाईट जाते बरं का, अमेरिकेत जातच नाही हा आपला गोड गैरसमज! लाईट गेली की धूर काढणारा पंखा बंद, वाटीतले पेलेट धुमसत राहतात आणि तो धूर मागे फिरू शकतो, म्हणून स्टोव्हच्या किमतीत इन्व्हर्टरची किंमत धरूनच हिशोब करायला सांगा मुलाला. चालू असताना १०० वॅटच्या आसपास लागतात, पेटवताना काही मिनिटं ३००-४०० पर्यंत जातात, तेवढं त्या इन्व्हर्टरला झेपलं पाहिजे.

आता पाइप. माझं मत विचाराल तर बेसमेंटमध्ये स्टोव्ह नंतर निवडायचा, आधी पाइप कुठून जाणार ते ठरवायचं. वरच्या मजल्यावर भिंतीला भोक पाडून पाइप सरळ बाहेर काढता येतो, खाली भिंतीच्या पलीकडे माती आहे. मग आतूनच उभा वर न्यायचा आणि जमिनीच्याही वर, साचणाऱ्या बर्फाच्याही वर बाहेर काढायचा. पेलेटसाठीचा दुहेरी भिंतीचा पाइपच हवा, लांबी आणि वळणं वाढली तर ३ इंचीऐवजी ४ इंची लागतो. एक फायदा आहे, उभा पाइप असला की लाईट गेल्यावरही थोडा धूर आपोआप वर ओढला जातो.

हवेचंही तसंच. घरातली गरम हवा वर चढते तसं बेसमेंट हवा खेचायला लागतं, त्यात तिथेच गॅसचा वॉटर हीटर आणि कपड्यांचा ड्रायर असतो. स्टोव्हने खोलीतली हवा ओढली तर वॉटर हीटरचा धूर उलटा आत येऊ शकतो. स्टोव्हला जळायची हवा वेगळ्या नळीने बाहेरून द्या. कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूचा अलार्म खाली एक आणि वर एक, यात काटकसर नको.

६० हजारचं मला पटत नाही. तिकडच्या ऊर्जा खात्याचा अंदाज आहे की ४२ हजार बीटीयूचा स्टोव्ह १३०० स्क्वेअर फुटाला पुरतो, त्या हिशोबाने ८०० ला २५-२६ हजार झाले, आणि बेसमेंटला तर चहूकडून मातीची ऊब. मोठा घेतला की तो कायम मंद आचेवर चालवावा लागतो, काच काळी पडते, वाटी तुंबते आणि तुम्ही तरी घामाघूम व्हाल. वर थोडी उब जाईल जिन्यातून, पण लांबच्या बेडरूम गरम होतील ही आशा सोडा.

अजून एक, झोपता त्याच खोलीत स्टोव्ह बसवू नका असं बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. तो हॉलच्या बाजूला हवा, कार्पेट कापून खाली न जळणारी पाटी टाकून. पोतं १८ किलोचं येतं, थंडीत साधारण दिवसाला एक, ते जिन्यावरून खाली कोण आणणार हे आत्ताच ठरवा. तुमच्या ह्यांनी तर नाहीच. राख काढताना पण त्यांना वर बसवा, ती फार बारीक उडते.

एवढं करून तीन महिनेच राहायचं असेल तर मुलाला आधी हीटिंगवाल्याला बोलावून खालच्या डक्ट (गरम हवेच्या नळ्या) तपासायला सांगा, कधीकधी नुसती बंद झालेली जाळी असते.

प्रश्न: यावलजवळ शेती आहे, कपाशीच्या पऱ्हाट्या (वेचणीनंतरची वाळकी झाडं) दरवर्षी बांधावर जाळतो. त्याचे पेलेट करून असा स्टोव्ह घरात चालवता येईल का?

उत्तर: भाऊ, आपल्याकडे थंडी किती, पहाटेची! तेवढ्यासाठी एवढा खर्च कशाला? शिवाय हे स्टोव्ह लाकडाच्या पेलेटसाठी बनवलेले, ज्यात राख १ टक्क्याच्या आत असते. पऱ्हाटीत राख कितीतरी जास्त निघते आणि ती वितळून वाटीत वीटभट्टीतल्या खंगरासारखा गोळा धरते, स्क्रू ढकलत राहतो आणि आग विझते. थोड्या पऱ्हाट्या भरीत पार्टीला ठेवा, बामणोदची वांगी त्यावरच भाजायची. बाकीच्या बांधावर न जाळता कांडी कोळसा किंवा पेलेट करणाऱ्या कारखान्याला विका, तिथल्या मालाला बॉयलरवाले गिऱ्हाईक असतात. कोळशावरच्या वीज केंद्रांनी ५ टक्के बायोमास (शेतातल्या काडीकचऱ्याचं इंधन) मिसळून जाळावा असं धोरणही केंद्राने २०२१ मध्ये काढलं. फक्त पऱ्हाट्या वाळवून द्या, ओल्या मालाला भाव पाडून मागतात.