'डॉक्टर' म्हटलं की 'नर्स' लगेच का आठवते?

कारण डोक्यातले शब्द अकारविल्हे लावलेले नसतात, अर्थाच्या नात्याने जोडलेले असतात. एक जागा झाला की त्याचे सगेसोयरेही अर्धवट जागे होतात. कॉलिन्स आणि लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली.

पुरावा त्याआधीचा, १९७१ चा. मेयर आणि श्वानेवेल्ट यांनी लोकांना शब्दासारख्या दिसणाऱ्या अक्षरसमूहांच्या जोड्या दाखवून 'दोन्ही खरे शब्द आहेत का?' एवढंच विचारलं. 'नर्स-डॉक्टर'सारख्या जोडीला उत्तर 'ब्रेड-डॉक्टर'पेक्षा लवकर आलं. फरक साधारण ८५ मिलिसेकंदांचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण अशा प्रयोगांत तो चांगला ठसठशीत मानतात.

मला जास्त मजेशीर वाटतो तो याच जाळ्यामुळे होणारा घोटाळा. घरात कुणाला तरी ही यादी सावकाश वाचून दाखवा: अंथरूण, उशी, जांभई, स्वप्न, गोधडी, घोरणं, अंगाई, पेंग, रात्र. थोड्या वेळाने आठवतील ते शब्द लिहायला सांगा. 'झोप' यादीत नाही, तरी कुणीतरी ती छातीठोकपणे लिहिण्याची बरीच शक्यता आहे. १९९५ मध्ये रोडिगर आणि मॅकडरमॉट यांच्या पहिल्या प्रयोगात असा न ऐकलेला शब्द सुमारे ४० टक्के वेळा 'आठवला' होता.

आता यात निव्वळ अर्थ किती आणि 'हे शब्द नेहमी एकत्र कानावर पडतात' ही सवय किती, यावर संशोधक अजून भांडतात. 'मीठ-मिरची'च घ्या, तिथे दोन्ही आहेत.