वन्यजीव केंद्रात राहून स्वयंसेवक म्हणून काम करताना दिवस कसा जातो? प्राण्यांबरोबर किती वेळ मिळतो?

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. शहराबाहेरच्या एका केंद्रात डिसेंबरच्या मध्यापासून सात आठवडे राहिले होते. प्राण्यांचा सहवास बेताचा, त्यांच्या विष्ठेचा मात्र पोटभर.

सकाळी सहाला उठून पिंजऱ्यांतले रात्रीचे वर्तमानपत्राचे कागद काढायचे. फेकायच्या आधी नीट बघायचे, हे तिथल्या काकांनी शिकवलं. घारीची विष्ठा गर्द हिरवी दिसली तर पोटात काही गेलेलं नसतं, नुसतं पित्त उतरतंय. नुसतं मांस देऊन भागत नाही, हाडं-पिसंही जावी लागतात. न पचलेल्याची गोळी करून ती तोंडावाटे टाकते. अशी गोळी सापडली की काका इतके खूश, जणू पोरगं पास झालं! मग टॉवेलात गुंडाळून वजन. घार तशी डोळ्यांना केवढी दिसते, पण भरते जेमतेम सहाशे-सातशे ग्रॅम. त्यानंतर टब घासणं, मासे कापणं, फडकी धुणं आणि पुन्हा टब. पिंजऱ्यापाशी बोलायचं नाही, लाड करायचे नाहीत. माणसाला सरावलेला पक्षी बाहेर टिकत नाही. प्राण्यांना नावं ठेवायची नाहीत, दोन्ही अर्थांनी.

उत्तरायणात, म्हणजे गुजरातेतल्या पतंगांच्या सणात, १४ आणि १५ जानेवारीला, झोप विसरा. जखमी पक्ष्यांना वाचवायचं सरकारचं करुणा अभियानही त्याच दिवसांत असतं. दिवस मावळताना पक्षी थव्यानं परततात आणि तेव्हाही आकाशात मांजा असतोच. अंधार पडला की बुटांची खोकी, फळांचे पुठ्ठे घेऊन लोक यायला लागतात. मांजा बहुतेकदा खांद्यापासून मनगटापर्यंतची पंखाची पातळ कातडी कापतो. कधी हाड शाबूत असतं, पण ती कातडी गेली की उडणं गेलं.

पहिल्याच रात्री मी एका कबुतराच्या चोचीत ड्रॉपरनं पाणी घातलं. बिचारं तहानलेलं असेल म्हणून. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं; पाणी तिकडे गेलं आणि ते माझ्या हातातच गेलं. कोणी रागावलं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. तुमच्या गच्चीत जखमी पक्षी सापडला तर पाणी पाजू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेला ठेवा आणि गुजरातेत असाल तर १९६२ या प्राण्यांच्या हेल्पलाइनला फोन करा.

बडोदा म्हटलं की मगरीचं विचारतातच. विश्वामित्री नदीच्या मगरी पावसाळ्यात वस्तीत येतात; मी हिवाळ्यात होते, एकच पाहिली. तिचा जबडा मिटण्याचा जोर भयंकर, पण उघडण्याचा अगदी कमी, म्हणून साध्या दोरीनं तोंड बांधता येतं. डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं की ती बरीच शांत होते. माझं काम? टॉर्च धरणं आणि मोबाईलवाल्यांना मागे लोटणं.

केंद्र निवडताना एक बघा: ते वनखात्याच्या परवानगीनं चालतं का. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं असे प्राणी परवानगीशिवाय कुणालाही ठेवता येत नाहीत. स्वयंसेवकांना घुबड हातात देऊन फोटो काढू देणारं ठिकाण असेल तर जाऊच नका. रेबीजच्या लशीबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. जुन्या चादरी न्या, नव्या कोणी मागत नाही. जेवण खिचडी-कढीचं, रविवारी कोणीतरी शहरातून शेव-उसळ आणायचं.

आमची एक घार जानेवारीअखेर सोडली. मी टब घासत होते, कळलंच नाही. काका येऊन म्हणाले, "बेन, उडी गई."

दोन महिन्यांची रजा मिळत असेल तर उत्तरायण धरून घ्या.