नाशिकला घरच्या बागेत हायसिंथचे सुवासिक कंद फुलतील का?

नाशिकमध्ये घरापुढच्या छोट्या बागेत हायसिंथचे कंद लावले तर ते फुलतील का, आणि एकदा लावलेले कंद दरवर्षी फुले देत राहतील का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, दुसऱ्याचे नकारार्थी. गंगापूर रस्त्याजवळच्या आमच्या घराच्या गॅलरीत गेले चार हिवाळे मी हे कंद लावते आहे. त्यांपैकी पहिला हिवाळा पूर्ण वाया गेला, आणि तो का वाया गेला यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

आधी नावाचा घोळ मिटवते. गोदावरीत पसरणाऱ्या पाणवेलीलाही इंग्रजीत वॉटर हायसिंथच म्हणतात, त्यामुळे रोपवाटिकेत नुसते ‘हायसिंथ’ मागितले तर जलपर्णीचे रोप हातात पडू शकते. आपल्याला हवे आहे ते तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन या भागांतले मूळचे कंदवर्गीय झाड, ज्याची लागवड आज प्रामुख्याने नेदरलँड्समध्ये होते. त्याचा आणि पाणवेलीचा कुळाचाही संबंध नाही.

या झाडाच्या मूळ प्रदेशात उन्हाळा कोरडा आणि हिवाळा कडक असतो. उन्हाळ्याच्या विश्रांतीत कंदाच्या पोटात पुढच्या वर्षीचा फुलोरा तयार होतो. परंतु तो देठासह वर यायचा, तर कंदाला त्यानंतर साधारण 10 ते 13 आठवडे, 9 अंश सेल्सियसच्या खालची सलग थंडी मिळावी लागते. आपल्याकडे कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात तेही थंडीमुळेच. फरक इतकाच की कांद्यात थंडी फुलोऱ्याची सुरुवात करून देते, तर हायसिंथमध्ये आधीच तयार असलेल्या फुलोऱ्याला ती वर काढते. आता आपण म्हणाल की नाशिकला थंडी काय कमी आहे? निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटलेल्याही पाहतो. पण ती थंडी पहाटेची असते. दुपारी तोच पारा 27-28 अंशांवर चढलेला असतो आणि कुंडीतली माती त्याच्याबरोबर तापते. कंदाला हवी असते ती रात्रंदिवसाची थंडी, आणि ती नाशिकमध्ये फक्त फ्रीजमध्ये मिळते.

पहिल्या वर्षी मी नेमकी हीच चूक केली. नोव्हेंबरात आलेले कंद सरळ कुंडीत लावले. जानेवारीत पाने आली आणि त्यांच्या बेचक्यात, मातीला जवळजवळ टेकून, बोटभर उंचीचा एक फुलोरा अडकून बसला. वाकून नाक पानांत खुपसले तेव्हा कुठे वास आला. तीन कंदांपैकी दोघांनी तेवढेही दाखवले नाही.

त्यामुळे आता मी सप्टेंबरअखेरीसच मागणी नोंदवते, म्हणजे कंद ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हाती येतात. ते आधीच थंडीत ठेवलेले आहेत का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. तसे असेल तर फ्रीजमधला काळ तेवढा कमी करता येतो. कंद हातात जड आणि टणक लागला पाहिजे. घेर 15 सेंटीमीटरच्या वर असेल तर फुलोरा भरघोस येतो. हाताळताना हातमोजे घालावेत, कारण सालीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांनी कातडीला चांगलीच खाज सुटते.

हे कंद कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून त्यांना बुरशी लागते. त्या कप्प्यात सफरचंद, केळी, चिकू, टोमॅटो असे काहीही ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने आतली कळी जळते. बाहेरून कंद ठणठणीत दिसतो, म्हणून हे नुकसान जानेवारीपर्यंत कळतही नाही. शिवाय हायसिंथचा कंद दिसतो थेट लाल कांद्यासारखा. आमच्याकडे एकदा तो विळीवर अर्धा चिरला गेल्यावर माझ्या लक्षात आले. खाल्ल्यास उलट्या आणि पोटदुखी होते, तेव्हा पिशवीवर ठळक अक्षरांत ‘खायचे नाही’ असे लिहाच, आणि घरात कुत्रा-मांजर असेल तर कुंडीही त्यांच्यापासून दूर ठेवा.

आठ-नऊ आठवड्यांनी, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला, कंद बाहेर काढून मी कुंडीत लावते. आपली काळी माती नुसती वापरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि कंद बुडापासून सडतो. एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जाडी वाळू आणि मूठभर जुने शेणखत एवढे पुरते. कंदाचे टोक मातीच्या किंचित वर राहू द्यावे. कुंडी लहान असेल तर ती तशीच पुन्हा फ्रीजमध्ये तीन आठवडे ठेवणे सर्वांत उत्तम, कारण त्याने थंडीचे उरलेले आठवडे भरून निघतात आणि मुळेही थंडीतच नीट धरतात. जागा नसेल तर घरातल्या सर्वांत गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. कोंब चार-पाच सेंटीमीटरचा झाला की तिला सकाळचे कोवळे ऊन द्यावे, दुपारचे मुळीच नाही. कळी पानांतच घुटमळत राहिली, तर वर्तमानपत्राचा निमुळता, वरून उघडा कोन तिच्यावर चार-पाच दिवस ठेवावा. उजेडाकडे जाण्याच्या ओढीने देठ उंचावतो. ही युक्ती मला दोन वेळा उपयोगी पडली.

जानेवारीच्या शेवटी फुले उमलतात आणि आठ-दहा दिवस टिकतात. वास इतका दाट असतो की बंद खोलीत एकच कुंडी पुरे. आमच्या सासूबाईंचे तर त्याने डोके दुखते.

फुले संपल्यावर कंद जपून ठेवण्याचा खटाटोप मी सोडून दिला आहे. पाने हिरवी राहून कंद पुन्हा भरायला जे गार दिवस लागतात, ते आपल्या फेब्रुवारी-मार्चात नसतात. पुढच्या वर्षी मिळतात ती नुसती पाने. म्हणून हायसिंथचा खर्च मी फुलदाणीच्या फुलांसारखा धरते आणि तीनपेक्षा जास्त कंद घेत नाही.

आपल्याला जमिनीत लावून वर्षानुवर्षे सुवास देणारा कंदच हवा असेल, तर निशिगंध लावा. तो मूळचा मेक्सिकोचा, त्यामुळे उष्णता त्याला मानवते. एप्रिल-मे महिन्यांत पाच-सहा सेंटीमीटर खोल आणि वीतभर अंतराने कंद लावले की साधारण चार महिन्यांत दांडे येऊ लागतात, आणि तीन वर्षे तरी ते जागचे हलवावे लागत नाहीत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘फुले रजनी’ किंवा बंगळुरूच्या संस्थेचे ‘प्रज्वल’ हे दोन्ही वाण एकेरी, म्हणजे पाकळ्यांचा एकच थर असलेल्या, फुलांचे आहेत. दुहेरी फूल दिसायला भरदार असते, पण वासात एकेरीच सरस. गजऱ्या-हारांसाठी फुलबाजारात सुटी विकली जातात ती याच एकेरी निशिगंधाची फुले.