फोटो फोनवरून पुसले, मग क्लाउडमधूनही कसे गेले?

(या वेळच्या पत्रांत क्लाउडबद्दलचे प्रश्न बरेच होते, त्यातले चार निवडले आहेत. उत्तरं देणारी मी, सर्व्हर रूममध्ये नोकरी करून निवृत्त झालेली सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर.)

प्रश्न : फोनमधली जागा संपली म्हणून जुने फोटो पुसले. ‘क्लाउडमध्ये आहेतच की,’ असं मुलगा म्हणाला होता. आता बघते तर तिथेही नाहीत! – एक गृहिणी

ताई, पुढचं नंतर वाचा, आधी फोटोच्या ॲपमधली कचरापेटी उघडा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो पुसल्यावर 60 दिवस तिथे पडून असतात, आयक्लाउडमध्ये साधारण 30 दिवस. मुदत उलटली नसेल तर सगळे परत मिळतील.

आता घडलं काय ते सांगते. तुमचा फोन आणि क्लाउड (म्हणजे कंपनीच्या दूरच्या यंत्रांवरची तुमची जागा) सिंक झालेले असतात, म्हणजे इकडे जे होईल ते तिकडेही करायचं असं त्यांचं ठरलेलं असतं. फोटो काढला की तिकडे चढतो, आणि पुसला की तिकडूनही जातो. आम्ही नोकरीत ज्याला बॅकअप म्हणायचो तो प्रकार निराळा होता. रात्री टेपवर नक्कल उतरवायची, टेपच्या पाठीवर तारीख लिहायची आणि सकाळी ती दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात नेऊन ठेवायची. मूळ डिस्कवर कुणी काहीही पुसलं तरी कपाटातल्या टेपला त्याचा पत्ताही नसे. मुलावर रागावू नका, ॲपच्या पडद्यावरही ‘बॅकअप’च लिहिलेलं असतं. मीही तेच समजले असते.

यापुढे गूगल फोटोजमध्ये जागा करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा, त्याने फक्त फोनवरची प्रत जाते. आणि जिवाभावाचे फोटो एका बाहेरच्या हार्ड डिस्कवरही उतरवून ठेवा.

प्रश्न : क्लाउडची सुरुवात ॲमेझॉनने 2006 मध्ये केली, असं आमच्या नोट्समध्ये आहे. बरोबर आहे का? – संगणकशास्त्राचा विद्यार्थी

परीक्षेत तेच लिहा, मार्क मिळतील. पण गोष्ट पंचेचाळीस वर्षं आधी सुरू होते.

तेव्हा संगणक म्हणजे खोली भरून टाकणारं, अतोनात महाग यंत्र. कार्डांना भोकं पाडून गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. एक स्वल्पविराम चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. नोव्हेंबर 1961 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकाच यंत्राचा वेळ अगदी बारीक तुकड्यांत कापून अनेकांना वाटायचा. समोर बसलेल्या प्रत्येकाला वाटे, यंत्र आपल्या एकट्याचंच आहे. त्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीतल्याच एका भाषणात सांगितलं होतं, की टेलिफोनसारखी संगणनाचीही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. माझ्या मते क्लाउडचा सगळा विचार इथे येऊन गेला. पुढचं काम होतं ते स्वस्त आणि सोपं करण्याचं.

त्यानंतर एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रं, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालवायची युक्ती आली. आयबीएमने ती 1972 मध्ये व्हीएम/370 या नावाने बाजारात आणली. पुढे घरोघरी छोटे संगणक आले आणि ‘वाटून घ्या’ ही कल्पना मागे पडली. 1999 मध्ये व्हीएमवेअर या कंपनीने तीच युक्ती साध्या संगणकावर करून दाखवली. तोवर इंटरनेटही पोहोचलं होतं.

ॲमेझॉनचं श्रेय मी नाकारत नाही, उलट त्याची किंमत मला चांगली ठाऊक आहे. आम्हाला नवा सर्व्हर (इतरांना सेवा देणारा मोठा संगणक) हवा असला की आधी मंजुरी, मग ऑर्डर, मग वाट पाहणं. खोकं आलं की दोघांनी उचलून रॅकमध्ये बसवायचं. रॅकचे पत्रे हात कापतात, हे कुठल्या पुस्तकात नसतं. एवढं करून ते यंत्र वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसाच्या हिशेबाने घेतलेलं, म्हणजे एरवी बहुतेक वेळ नुसतं गरम हवा सोडत बसलेलं. मार्च 2006 मध्ये ॲमेझॉनने एस-थ्री ही साठवणुकीची सेवा आणली : एक गिगाबाइट, एक महिना, 15 सेंट. ऑगस्टमध्ये ईसी-टू : एक आभासी यंत्र, तासाला 10 सेंट. मंजुरी नको, खोकं नको. काम संपलं की यंत्र बंद, बिल बंद. चार पोरांनी सुरू केलेली कंपनी लाखो लोकांना सेवा देऊ शकते, ती या हिशेबामुळे.

प्रश्न : कधी कधी एकाच वेळी दहा-दहा ॲप का बंद पडतात? – एक दुकानदार

कारण ती दहाही ॲप एकाच मालकाच्या यंत्रांवर भाड्याने राहत असतात. 28 फेब्रुवारी 2017 रोजी एस-थ्रीच्या एका कर्मचाऱ्याने बिलिंगमधली कुरबुर शोधताना थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतला एक तपशील चुकीचा टाइप झाला आणि भलतेच जास्त सर्व्हर निघाले. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ज्या केंद्रात हे घडलं, त्यावर विसंबलेल्या असंख्य वेबसाइट सुमारे चार तास अडखळत होत्या. मजा पुढेच आहे. ‘सेवा चालू की बंद’ हे दाखवणारा ॲमेझॉनचा स्वतःचा फलकही एस-थ्रीवरच अवलंबून होता, त्यामुळे तो बदलताच येईना!

आगीचंही तसंच. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचं, ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांची दुसरी प्रत लांब कुठे नव्हती, त्यांतल्या काहींचा डेटा कायमचा गेला. दुसऱ्या इमारतीतलं कपाट आठवतंय ना?

प्रश्न : कंपनीतले लोक माझी कागदपत्रं उघडून बघू शकतात का? – नाव नको

किल्ली कुणाकडे आहे त्यावर ठरतं. बहुतेक सेवांत डेटा कुलूपबंद असतो, पण किल्ली कंपनीकडेच असते. नियम कडक असतात, कोण काय उघडतं याची नोंदही होते. तरी ‘शक्यच नाही’ असं मी म्हणणार नाही. ही धास्ती यंत्र वाटून घ्यायला लागल्यापासूनची आहे. सीटीएसएसमध्ये एकदा दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले.

एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (डेटा तुमच्याच यंत्रावर कुलूपबंद करून पाठवण्याची सोय) निवडलंत तर किल्ली फक्त तुमच्याकडे राहते. मग ती हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही. म्हणून रिकव्हरी की, म्हणजे अडचणीत कुलूप उघडणारा लांबलचक कोड, कागदावर लिहून ठेवा, आणि कृपा करून त्या कागदाचा फोटो काढून क्लाउडमध्ये टाकू नका.