अख्खी रान आणि छोटा ओटीजी

प्रश्न: ताई, नाताळच्या सुट्टीत पुण्याहून दीर, जावा, मुलं सगळी येतायत, बारा माणसं होतील. बोकडाची अख्खी रान, म्हणजे मागची तंगडी, रोस्ट करायचीय पण आतून कच्ची राहील अशी भीती वाटते. — एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर: अगं, गुलाबी-बिलाबी ठेवायच्या भानगडीत पडूच नकोस, ते कोवळ्या लँबला, म्हणजे मेंढीच्या कोकराला ठीक. आपलं बोकड चिवट, आतलं तापमान 90 डिग्रीच्या आसपास जाऊन तिथेच बराच वेळ राहिलं की मगच मऊ पडतं. दीड किलोची एक रान बारा जणांना पुरायची नाही, दोन घे आणि नळीचं टोक खाटकाकडूनच तोडून आण, नाहीतर ओटीजीचं, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनचं, दार लागणार नाही. खोल चिरा दे, मीठ, आलं-लसूण, दही लावून रात्रभर फ्रिजमध्ये, कच्ची पपई मात्र चमचाभरच, जास्त झाली की वरचं मांस पिठूळ होतं. एकावेळी एकच रान ठेव, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून 160 वर तीनेक तास, सुरी लोण्यासारखी शिरली की फॉइल काढून 220 वर रंग येईपर्यंत. लगेच कापू नकोस हं, वीस मिनिटं झाकून ठेव. फॉइलमधला रस कांद्यात परतून घे, भाकरीबरोबर तोच आधी संपतो.