चौथीनंतरची शाळा: मुलीला विचारायचं तरी कसं?

प्रश्न: बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही खटाव तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. मुलगी वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत आहे. शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे जूनमध्ये तिला दुसरीकडे घालावंच लागणार. शेजारच्या गावात, ३ किलोमीटरवर, अनुदानित हायस्कूल आहे. तिथं पाचवीपासून सेमी आहे. मिस्टर म्हणतात, तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमात टाकू. अंतर १४ किलोमीटर, पण व्हॅन दारात येते. सासऱ्यांना नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, हवी आहे. मुलीला विचारलं की ती मान खाली घालून म्हणते, 'तुम्ही सांगाल तिथं.' काय करावं?
— एक आई, जि. सातारा

उत्तर: 'तुम्ही सांगाल तिथं' हा मला होकार वाटत नाही. बाबा एक म्हणतात, आजोबा दुसरं म्हणतात. अशा वेळी दहा वर्षांची मुलगी कुणाचं मन मोडणार? शिवाय तिनं दोन्ही शाळा आतून पाहिलेल्या नाहीत. न पाहिलेल्या जागेबद्दल मत द्यायचं तरी कसं?

आधी नवोदयचं बोलू, कारण त्यात एक गोष्ट अडकली आहे जी पालकांना फार उशिरा कळते. नवोदयला प्रवेश सहावीत मिळतो आणि परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते, तीही एकदाच. म्हणजे पाचवीची शाळा आत्ता ठरवावीच लागेल. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. त्यात बसायचं तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली लागतात. तालुक्याचं गाव नगरपंचायतीचं असेल, तर तिथल्या शाळेत पाचवीला गेलेली मुलगी वाडीत राहत असूनही शहरी उमेदवार ठरते. सासऱ्यांना आणि मिस्टरांना एकत्र बसवून हे सांगा. दोघांच्या इच्छा एकमेकींना छेद देत आहेत.

परीक्षा मराठीतून देता येते, तयारी जरूर करून घ्या. पण साऱ्या जिल्ह्यातून एका वर्षी फार तर ८० मुलं घेतात, म्हणून मुलीचं सगळं वर्ष त्या एका पेपरवर टांगू नका. आणि ती शाळा निवासी आहे. अकराव्या वर्षी घराबाहेर राहायला ती तयार आहे का, हे तिच्याशी वेगळं बोला, आजोबा समोर नसताना.

आता माध्यम. तुमच्या मुलीला पहिलीपासून इंग्रजी आहे, पण एक विषय म्हणून. पाचवीत एकदम इतिहास-भूगोलही इंग्रजीतून आला की हुशार मुलं धडे पाठ करू लागतात, प्रश्न विचारायचं थांबवतात. वर्गात हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी जीव तुटला आहे. सेमीमध्ये गणित-विज्ञान इंग्रजीतून होतं, बाकी आपल्या भाषेत राहतं. चौथीचं शिवाजी महाराजांचं पुस्तक तिच्या हातात द्या, एक पान वाचून मनानं सांगायला लावा. मग इंग्रजीच्या पुस्तकातला तेवढाच मजकूर द्या. दोन्हींत किती फरक पडतो ते मिस्टरांनी स्वतः शेजारी बसून पाहावं. तिच्या आत्ताच्या गुरुजींनाही विचारा. त्यांच्याइतकं तिचं वाचन कुणाला माहीत नसेल.

मग तिला घेऊन दोन्ही शाळांत जा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी नको, साध्या दिवशी, वर्ग चालू असताना. मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या. पाचवीला गणित आणि विज्ञान कोण शिकवतं, ती पदं भरलेली आहेत का, वर्गात मुलं किती, हे स्पष्ट विचारा. संगणक कक्ष दाखवतील, तो पाहा, पण त्यावर भुलू नका. पाचवीतल्या एखाद्या मुलीची वही मागून घ्या आणि बाई-गुरुजींनी ती तपासली आहे का ते बघा. मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन या, नळाला पाणी येतं का पाहा. पाणी नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि थोरल्या होतात तशा शाळाच बुडवू लागतात.

मुलीला त्या वेळी तिथल्या मुलींबरोबर जरा एकटी सोडा. घरी आल्यावर 'कुठली आवडली?' असं विचारू नका. डबा कुणाबरोबर खाशील? न समजलेलं कुणाला विचारावंसं वाटलं? कशाची भीती वाटली? असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा, मध्ये बोलू नका. तुम्हा मोठ्यांना दोन्ही शाळा चालण्यासारख्या वाटल्या, तर शेवटचा शब्द तिचा राहू द्या.

मला विचाराल तर तुमच्या वर्णनावरून माझा कल हायस्कूलकडे आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, फक्त शाळा सुटल्यावर परतीची गाडी किती वाजता आहे ते स्टँडवर विचारून घ्या. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहारही मिळतो. व्हॅनचे आणि फीचे वाचलेले पैसे तिच्या गोष्टींच्या पुस्तकांवर खर्च करा, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. मात्र तिथं गणिताची जागा रिकामी असेल, तर माझं हे मत बाजूला ठेवा आणि पुन्हा लिहा.

एक काम मात्र आत्ताच करा. वाडीच्या शाळेतून दाखला घेण्याआधी जनरल रजिस्टरमधली तिची नोंद पाहून घ्या: नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात. आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक असेल तर ती शाळेत असतानाच अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. दाखला हातात पडल्यावर हीच दुरुस्ती फार अवघड होते.