आपण चिक्कू आहोत का?

चि. ईरा,

परवा पुण्याहून परत येताना विमानात तू विचारलंस, "बाबा, श्रुतीताईच्या लग्नात केवढी धमाल होती. मग आपल्या घरची लग्नं अशी सुकी का? आपण गरीब होतो की चिक्कू?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न लागला. शाळेत असताना पोरं मला हेच विचारायची आणि तेव्हाही मला उत्तर देता आलं नव्हतं.

आत्याचं लग्न झालं तेव्हा मी सहावीत होतो. मांडव नाही, वाजंत्री नाही. अंगणात सतरंजी, भिंतीवर गांधीजी आणि जोतिबा फुले. हुंडा नाही, आहेर नाही. अक्षतांऐवजी फुलं, कारण तांदूळ पायदळी गेलेला तुझ्या आजोबांना, तात्यांना खपायचा नाही. शेजारच्या गावचे एक गुरुजी चार शब्द बोलले, गूळ-शेंगदाणे वाटले, चहा झाला, संपलं. त्याच आठवड्यात वरच्या आळीला एक लग्न होतं, कराडहून बँड आलेला. मी त्या वरातीत इतका नाचलो की चप्पल हरवली. तात्या कडेला उभे राहून बघत होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आत्याच्या लग्नातले हार मात्र नीट आठवतात. तुझ्या आजीनं, आक्कानं, टकळीवर कातलेल्या सुताच्या लडी, मध्ये लाल लोकरीचा गोंडा. लग्न झालं की त्या धुवायच्या, वाळवायच्या आणि ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून ठेवायच्या, पुढच्या लग्नासाठी. माझ्या लग्नातही तेच हार होते. तुझी आई सगळ्या फोटोंत नाक मुरडून उभी आहे, ते त्या वासामुळे. (मी दह्याचे रिकामे डबे धुऊन ठेवतो तो मात्र निव्वळ चिक्कूपणा. त्याचं खापर तात्यांवर फोडू नकोस.)

हे सगळं आलं पत्री सरकारातून. बेचाळीसच्या चळवळीनंतर, १९४३ ते ४६, सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या माणसांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून आपलं सरकार चालवलं. तेव्हा आपलं गावही सातारा जिल्ह्यातच होतं, सांगली नंतर झाली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ त्यांनी पगाराचे पैसे नेणारी रेल्वे लुटली. आपले तात्या त्यात नव्हते, हे आधीच सांगतो. आमच्या भागातले जेवढे म्हातारे "मी होतो" म्हणायचे, तेवढे खरंच असते तर इंग्रजांना पळायलाही जागा उरली नसती. तात्या भाकरी पोचवायचे, चिठ्ठ्या पोचवायचे. भूमिगतांना उसाच्या फडात जेवण नेऊन देणं, एवढंच त्यांचं स्वातंत्र्ययुद्ध.

पण त्या सरकारला फक्त इंग्रज घालवायचे नव्हते. ते गावागावात न्यायनिवाडे करायचे, सावकाराच्या घशातली जमीन सोडवायचे, दारूच्या मागे लागायचे आणि लग्नं लावायचे. त्यांना म्हणायचे गांधी लग्न. थाटमाट नाही, देणंघेणं नाही. साताऱ्याकडे सत्यशोधकांचं काम आधीपासून होतं, त्यामुळे लोकांना हे अगदीच नवं नव्हतं. तात्यांच्या वडिलांनी थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी ओढ्याकडचं शेत गहाण टाकलं होतं. ते कधीच सुटलं नाही. तात्या म्हणायचे, "वाजंत्री येका दिसात गेली, सावकार ऱ्हायला." हुंडाबंदीचा कायदा व्हायला १९६१ उजाडलं. तात्यांनी त्याच्या कितीतरी आधी एक पै न घेता लग्न केलं. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवणार नाही.

आता दुसरी बाजू. त्याच सरकारात गुंडांना, पोलिसांच्या खबऱ्यांना तळपायावर मारायचे. माणूस महिनोन् महिने लंगडायचा. ना वकील, ना अपील. तुला शाळेत मानवी हक्क शिकवतात, तू हे ऐकून चिडशील आणि चिडायलाच हवंस. कॉलेजात असताना मी तात्यांना विचारलं होतं, चुकून एखादा निर्दोष सापडला असेल तर? ते उठले आणि गोठ्यात गेले. वैरण टाकून झाली तरी बराच वेळ आत आले नाहीत. मी पुन्हा विचारलं नाही. इंग्रजांच्या कोर्टात गरिबाला कोण विचारत होतं, हेही तितकंच खरं. पण म्हणून माझं समाधान होत नाही.

आणि आक्का. साधं लग्न करायचं हे ठरवलं कुणी? तात्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी. पंधरा-सोळा वर्षांच्या नवरीला कोण विचारतंय! नाना पाटलांच्या लेकीचं, हौसाताईंचं, बघ. इंग्रजांनी घर-जमीन जप्त केली ती बापाच्या चळवळीपायी, हाल पोरीच्याही वाट्याला आले. त्या स्वतः चळवळीत उतरल्या, भूमिगतांची कामं केली. आक्का उतरली नव्हती. तिला हिरवा चुडा हवा होता. तिनं मला एकदा भाकरी थापताना सांगितलं, लग्नाच्या आदल्या रात्री चुलत्या आणि शेजारणींनी परड्यात नेऊन तिला गुपचूप हळद लावली आणि पहाटे खसाखसा धुऊन काढली. "कानामागं राहिलीच हुती," म्हणाली. तात्यांना दिसली असेल का? ती म्हणायची, दिसली नसेल. मला वाटतं दिसली असेल.

माझ्या लग्नात मी अर्धं तात्यांचं ऐकलं. नोंदणी केली, आहेर घेतला नाही, पण तुझ्या आजोळच्यांनी हॉल घेतला आणि मी मुकाट्यानं पंगतीत बसलो. तात्या आले, श्रीखंड मागून खाल्लं.

तू लग्न कर, नको करूस, घोड्यावर बस, डीजे लाव. मी नाचेन, चपला नीट बांधून. फक्त कर्ज काढू नकोस आणि कुणाच्या आईबापाला काढायला लावू नकोस. बघ, नको नको म्हणता सांगितलंच.

रविवारी आत्याचा फोन येईल तेव्हा तिलाही विचार. तिला तेव्हा बँड हवा होता की नव्हता, यावर ती दर वेळी वेगळं सांगते, पण माझ्यासारखं गोल गोल बोलत नाही.

तुझा,
बाबा